पाच किलो गोळ्या

यतीन खांबेटेला बॅगेतली रिकामी जागा बघवत नाही. विमान कंपनीने तेवीस किलोची मुभा दिली, की याची बॅग बावीस किलो नऊशे भरलीच पाहिजे. बावीसच भरली तर कुणीतरी आपल्याला नऊशे ग्रॅमला फसवलं, असं त्याला वाटत राहतं. बुटांत मोजे, मोज्यांत चार्जर, प्रेशर कुकरच्या पोटात बदाम, अशी त्याची रीत. टेक्ससमधल्या प्लेनो गावातली निम्मी मराठी मंडळी भारतात जायच्या आधी त्याला फोन करतात, आणि हा बॅगा टांगून वजन करायचा आपला काटा घेऊन हौसेने त्यांच्या घरी जातो. लोक माघारी हसतात हेही त्याला ठाऊक आहे. हसोत बापडे. एअरपोर्टवर फतकल मारून बॅग उपसायची वेळ त्याच्यावर आजवर आलेली नाही.

मूळचा सांगलीचा. वडील हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. यतीन इंजिनिअर झाला, एमएस करायला टेक्ससला आला, टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटला आणि मग इथलाच झाला. आता एकसष्टाव्या वर्षी आठवड्यातले तीन दिवस कन्सल्टिंग करतो. बायको शोभना वर्ध्याची, एका क्लिनिकचं बिलिंग बघते. एकुलती मुलगी आसावरी दुसऱ्या राज्यात, चँडलरला, चिप बनवणाऱ्या कंपनीत. सगळं कसं जिथल्या तिथे.

या माणसाच्या हातात बंदूक कशी आली, हे कोडं सांगलीच्या नातेवाइकांना अजून सुटलेलं नाही. मधल्या एका मंदीत त्याची नोकरी गेली होती. तेव्हा ज्याला त्याला एकच प्रश्न: काय झालं नोकरीचं? देवळात तोच, किराणा दुकानात तोच. यतीन लोकांना टाळायला लागला. शेजारी वेन नावाचा एक धिप्पाड टेक्सन राहायचा. त्याने एका पहाटे याला ट्रकमध्ये घातलं आणि हरणांच्या शिकारीला नेलं. लाकडाच्या मचाणात दोघं दुपारपर्यंत बसले आणि वेनने त्याला एकही प्रश्न विचारला नाही. यतीनला तेच आवडलं. हरीण, बंदूक, नेम हे सगळं नंतर आलं. जिथे कुणी काही विचारत नाही अशी जागा त्याला सापडली होती, आणि ती त्याने पुढे वीस वर्षं सोडली नाही.

शोभनाने आधी आदळआपट केली, मग हद्दी ठरवून दिल्या. मांस गराजमधल्या फ्रीजरच्या पुढे यायचं नाही. बंदुकीचं कपाट गराजमध्येच. बंदूक, काडतुसं, शिकार हे शब्द ती तोंडातून काढायची नाही. त्या सगळ्याला ती ‘तुझं ते सामान’ म्हणायची. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ शब्दाचा झाला असं लोक सांगतात, आणि लोकांना खरी गोष्ट माहीत नाही.

घरात तिसरं माणूस अण्णा, म्हणजे शोभनाचे वडील. वर्धा डेपोतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले एसटीचे माणूस. शोभनाची आई गेल्यावर लेकीकडे आले ते इथेच राहिले. वय सत्त्याऐंशी. नजर अधू, बाटलीवरची अक्षरं दिसत नाहीत, पण अंगात डेपोची शिस्त कायम. त्यांच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकतात, म्हणून रक्त पातळ ठेवायची एक बारकी गोळी त्यांना सकाळ-संध्याकाळ लागते. ती चुकली तर गुठळी होऊन डोक्यात जाऊ शकते. बाकी ब्लडप्रेशरची आणि कसली कसली औषधं असतातच. गोळ्यांचा सात दिवसांचा प्लास्टिकचा डबा, त्याला चौदा घरं. तो डबा दर आठवड्याला भरायचं काम यतीनने आपणहून मागून घेतलं होतं. भरणं म्हटलं की त्याचे हात शिवशिवतात. अण्णा डब्याची घरं बोटांनी चाचपत, गोळ्या तळहातावर घेऊन अंगठ्याने मोजत, आणि म्हणत, “यतीनराव, तुमच्या हाताखाली माझा डेपो असता तर एक गाडी लेट सुटली नसती.”

तर वेन सत्तर वर्षांचा झाला आणि त्याने दक्षिण आफ्रिकेत शिकारीला जायचा बेत केला. यतीनला सोबत चल म्हणाला. तारखा ठरल्या, पैसे भरले, परवाने आले, आणि मग आसावरीचे दिवस नेमके त्याच आठवड्यात भरतायत असं कळलं. यतीनने ट्रिप कॅन्सल करायची तयारी दाखवली. दाखवली म्हणजे, बोलून बघितलं. शोभना म्हणाली, “जा तू. तिथे तुझं काय काम आहे? मी आहे ना.” तिच्या आवाजात काय होतं ते त्याला ऐकू आलं होतं, पण त्याने ते ऐकलं नाही. शोभना चँडलरला जाणार, यतीन आफ्रिकेला, आणि अण्णांच्या सोबतीला जवळच्याच फ्रिस्को गावची मोना येऊन राहणार, असं ठरलं. मोना डबे करून विकते, म्हाताऱ्या माणसांजवळ राहते. मायाळू बाई आहे, पण औषधांना ती हात लावत नाही.

शनिवारी दुपारी शोभनाचं विमान होतं. त्या दिवशी यतीन सकाळपासून गराजमध्ये काडतुसं मांडून बसला होता.

विमानातून काडतुसं न्यायचे नियम कडक असतात. बंदूक वेगळ्या कुलपाच्या पेटीत, रिकामी. काडतुसं मोठ्या बॅगेत, तीही सुटी नाहीत. कारखान्याच्या खोक्यात, नाहीतर प्रत्येकाला स्वतंत्र खण असलेल्या डबीत. केबिनमध्ये एक जरी सापडलं तरी खेळ खलास. आणि एका माणसाला वजन पाच किलोपर्यंत. दोघांचं मिळून एकाच्या बॅगेत चालत नाही. वेनने त्याला सांगितलं होतं, “चाळीस आण. तेवढीही लागत नाहीत.” चाळीस म्हणजे दोन खोकी, किलोभर. पण पाच किलो अलाउड असताना एक किलो न्यायचं? यतीन खांबेटेने? परवान्यातही दोनशेपर्यंत चालत होती. मग काय, पठ्ठ्याने आठ खोकी काढली. साडेचार किलो भरली. नववं ठेवलं तर काटा पाचच्या पुढे जायचा. मग नववं फोडून खणांच्या डबीत दहा काडतुसं लावली, वजन केलं, चौदा लावली, पुन्हा केलं. डबी बदलून हलकी घेतली. खोक्यांच्या आतले पुठ्ठे काढले तर काडतुसं खुळखुळायला लागली, म्हणून परत घातले. चार किलो नऊशे दहा. माणूस समाधानाने मागे टेकून बसला.

मधेच उठून त्याने अण्णांचा डबाही भरायला घेतला होता. बाकीच्या गोळ्या घातल्या, आणि त्या बारक्या गोळीची बाटली उघडली तर तळाशी काही नाही. नवी बाटली फार्मसीत सांगून ठेवलेली होती, एकदोन दिवसांत मिळणार होती. संध्याकाळी जाऊन बघू, असं म्हणून त्याने झाकणं लावली आणि तो परत काट्याकडे गेला.

शोभनाला एअरपोर्टला तोच सोडणार होता. पण मित्र अमित त्याच बाजूला निघाला होता, आणि गराजमधला पसारा अर्ध्यावर टाकून उठायचं यतीनच्या जिवावर आलं. अमितची गाडी ड्राइव्ह-वेमध्ये आली. शोभना बॅग ठेवून बसली, मग खिडकीची काच खाली करून तिने गराजकडे बघत विचारलं, “यतीन, गोळ्या भरल्या ना?”

यतीनच्या एका हातात काटा होता आणि पुढ्यात एकशे चौऱ्याहत्तर काडतुसं. तिने कोणत्या गोळ्या विचारल्या हे त्याला त्याच क्षणी कळलं. शोभना ‘तुझं ते सामान’वाली, तिच्या तोंडी गोळ्या म्हणजे अण्णांच्या. नाही म्हणावं तर ती गाडीतून उतरली असती, फार्मसीला फोन केला असता, उशीर झाला असता, आणि तू सकाळपासून काय करत होतास हा प्रश्न आला असता. तो म्हणाला, “भरल्या.” संध्याकाळपर्यंत ते खरं होणारच होतं.

संध्याकाळी फार्मसी बंद झाली तेव्हा तो बंदुकीच्या पेटीच्या कुलपाशी झटापट करत होता.

रविवारी सकाळी अण्णा चहाच्या वेळी म्हणाले, “यतीनराव, सकाळच्या घरात दोनच लागल्या हाताला. बारकी नव्हती.”

“हो अण्णा, आज आणतो. रेडी झाली असेल.”

“आणा सवडीने,” अण्णा म्हणाले. त्यांनी दुसऱ्यांदा आठवण केली नाही. जावयाला एक गोष्ट दोनदा सांगायची नाही, आणि जावयाची गोष्ट लेकीला एकदाही सांगायची नाही, हा त्यांच्या पिढीचा कायदा. तो दिवस वेनबरोबर सामान ताडून बघण्यात गेला. संध्याकाळी मोना आपली बॅग घेऊन आली आणि तिने हसतखेळत स्वयंपाकघराचा ताबा घेतला. यतीनने तिला फ्रीज दाखवला, थर्मोस्टॅट दाखवला, गोळ्यांचा डबा दाखवला. “अण्णा आपले आपण घेतात,” तो म्हणाला.

सोमवारी एअरपोर्टच्या काउंटरवर बाईने विचारलं, काडतुसं तुम्ही स्वतः पॅक केलीत का, सगळी नीट खोक्यात आहेत का? यतीनने अभिमानाने हो म्हटलं. बाईने वजन बघितलं आणि भुवई उंचावली. चार किलो नऊशे दहा. वेनचं एक किलो. वेन म्हणाला, “अख्खं सैन्य मारायचंय की काय तुला?” यतीनही हसला.

गेटवर पोचल्यावर फोन वाजला. फार्मसीचा मेसेज होता: तुमचं औषध तयार आहे.

इथे यतीनला कुणी घाई करत नव्हतं. विमान सुटायला वेळ होता. मोनाचा नंबर त्याने काढला, बोट त्यावर नेलं. काय सांगायचं? मोना, ताबडतोब जाऊन औषध आण, अण्णांची गोळी दोन दिवस राहिली आहे. मोना भाबडी, ती पाचव्या मिनिटाला शोभनाला फोन करून सांगणार. शोभना तिकडे लेकीच्या उशाशी, आणि भरल्या म्हणालास ना तू, हा प्रश्न थेट गेटवर येणार. आधीच तिला टेन्शन, त्यात हे कशाला, असं त्याने मनाला समजावलं. शोभनाच्या टेन्शनची त्याला एवढी काळजी याआधी कधी वाटली नव्हती. विमान बदलायला अटलांटाला उतरल्यावर निवांत बोलू, त्याने ठरवलं. अटलांटाला वेनला बार्बेक्यू खायचं होतं. मग एकदोन दिवसांनी काय होतंय, असं वाटलं. मग विमान उडालं.

जोहान्सबर्गला पोलिसांच्या खोलीत त्यांनी प्रत्येक काडतूस मोजलं. वेनची चाळीस मोजून लगेच झाली. यतीनची एकशे चौऱ्याहत्तर मोजताना शिपायाचा आकडा मधेच चुकला आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. वेन बाकावर बसून डुलक्या घेत होता. यतीनच्या मनात त्या वेळी खरंच अण्णांची गोळी आली होती. त्याने फोन काढला, तर तिथलं सिम कार्ड अजून चालू झालेलं नव्हतं.

कॅम्पवर रेंज फक्त मागच्या टेकडीवर यायची. गुरुवारी संध्याकाळी तो टेकडीवर चढला, बाळाची काही खबर आली असेल म्हणून. फोन थरथरायला लागला. आधी फोटो आला: दुपट्यात गुंडाळलेली, डोळे मिटलेली नात. त्याच्या खाली शोभनाचे चुकलेले फोन, एकाखाली एक. त्याने फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

“अण्णांना स्ट्रोक आलाय,” शोभना म्हणाली. “मोना म्हणाली, सकाळी शब्दच नीट फुटेनात. उजवा हात उचलत नाहीये. तिने नाइन-वन-वन केलं. मी एअरपोर्टवर आहे.” मग म्हणाली, “डॉक्टर विचारतायत, ब्लड थिनर चालू होतं का. मी म्हटलं, अर्थात चालू होतं.”

टेकडीवर मावळतीचा उजेड होता आणि खाली कुणीतरी चूल पेटवत होतं. यतीन तिथल्या एका दगडावर बसला. आपण अण्णांना मारलं, असं त्याच्या मनात अगदी स्पष्ट शब्दांत आलं.

आणलेल्या गोळ्यांपैकी त्याने एकही झाडलेली नव्हती. सगळी खोकी कॅम्पच्या मालकाकडे टाकून तो मिळेल त्या विमानाने परत निघाला.

अण्णा वाचले. डॉक्टर म्हणाले, मोनाने वेळेवर आणलं म्हणून. तोंड किंचित वाकडं झालं होतं, उजवा हात लुळा पडला होता, आणि बोलणं असं येत होतं, की प्रत्येक शब्द आधी शोधायचा आणि मग उचलायचा. यतीन हॉस्पिटलात पोचला तेव्हा ते झोपलेले होते. शोभना खुर्चीत बसली होती. प्रवासाचे कपडे अजून अंगावरच होते.

“डब्यात ती गोळी नव्हतीच,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी घरी जाऊन बघितलं. एकाही घरात नव्हती.”

यतीन उभाच राहिला. सगळ्या प्रवासात त्याने वाक्यं जुळवली होती. आता सांगायचं, एका दमात सांगायचं, असं ठरवून तो लिफ्टमधून वर आला होता.

शोभनाने त्याच्याकडे वर बघितलं. तिचे डोळे सुजलेले होते. “मी निघताना तुला विचारलं, तेव्हा तू गराजमध्ये ते सगळं मांडून बसला होतास. तुला वाटलं मी त्या गोळ्यांचं विचारतेय. हो ना?”

असं काही सुटका करणारं वाक्य कुणी आपल्या हातात ठेवील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. “हो,” तो म्हणाला.

“तरीच,” शोभना म्हणाली, आणि तिने त्याचा हात हातात घेतला. यतीनला आपला हात सोडवून घ्यावासा वाटला, पण त्याने सोडवला नाही.

ही गोष्ट मग वाऱ्यासारखी पसरली. मराठीत एकच शब्द, तापाची पण गोळी आणि बंदुकीची पण गोळी, बघा काय अनर्थ झाला. फ्रिस्कोला कुणाच्या घरी गेट-टुगेदर होतं, तिथे संजय नावाच्या गृहस्थाने ती मीठमसाला लावून सांगितली. “म्हणून मी म्हणतो यार, घरात इंग्लिश बोला. टॅबलेट म्हणजे टॅबलेट, बुलेट म्हणजे बुलेट.” लोक हसले, आणि शोभना आहे हे लक्षात आल्यावर गप्प झाले. यतीन हातातली प्लेट ठेवून बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. आपल्या लबाडीचा लोकांनी विनोद केला होता, आणि विनोदावर कोण संशय घेणार.

शोभना मात्र हसली नव्हती, आणि घरीही ती पूर्वीसारखी राहिली नव्हती. तिने गोळ्या हा शब्दच टाकून दिला. मेडिसिन म्हणायची, तेही नाव घेऊन, किती मिलिग्रॅमची ते सांगून. रोज सकाळी डबा उघडून बघायची, दुपारी पुन्हा बघायची. आसावरी फोनवर म्हणायची, “आई, प्लीज ये ना. आय नीड यू.” शोभना म्हणायची, येते, बघते. जायची नाही. यतीन एकदा म्हणाला, मी आहे अण्णांजवळ, तू जा. ती म्हणाली, “तुझ्यावर नाही रे, माझ्यावरच माझा भरवसा राहिला नाही. निघायच्या घाईत नुसतं गोळ्या म्हटलं मी. अण्णांच्या गोळ्या म्हणायला काय झालं होतं मला? एक शब्द जास्त म्हटला असता तर आज त्यांचा हात शाबूत असता.”

तेव्हाही यतीन मूग गिळून बसला. झोप उडाली, पण तोंड उघडलं नाही. एकदा हो म्हटलं की त्याच्यावर रोज एक दिवस चढत जातो, आणि मग उचलायचं म्हटलं तरी उचलत नाही.

अण्णांसमोर तर त्याची नजर वर होत नव्हती. अण्णांना सगळं माहीत होतं. बारकी नव्हती, हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. शोभनाने एकदा त्याच्यासमोरच त्यांना विचारलं, “अण्णा, एक कमी आहे हे तुमच्या हाताला कळलं नाही?” यतीनने हातातला कप खाली ठेवला. अण्णांनी शब्द शोधला, बराच वेळ शोधला. “नाही... आलं... लक्षात,” ते म्हणाले. चाळीस वर्षं रोज गाड्यांच्या वेळा मोजलेला माणूस, त्याच्या लक्षात आलं नाही म्हणे. शोभनाने मान हलवली. वय झालं, असं तिला वाटलं असणार.

अण्णांना थेरपीला न्यायचं काम यतीनकडे होतं. एका सकाळी टोलच्या हायवेवर गाडी चालवताना त्याने समोर बघतच विचारलं, “अण्णा, तुम्ही खोटं का बोललात?”

अण्णांनी डाव्या हाताने उजवा हात मांडीवर नीट ठेवला. बोलायला वेळ लागत होता का बोलायचं नव्हतं, हे कळायला मार्ग नव्हता. मग म्हणाले, “जावयाची... तक्रार... लेकीजवळ... नाही करत आमच्यात.”

“तुम्ही मोनाला तरी सांगायचं.”

“तुम्ही... आणतो म्हणाले होते.”

यतीनने हळू गाड्यांची उजवीकडची लेन धरली आणि वेग कमी केला. त्याला रस्ता धूसर दिसायला लागला होता. म्हातारा चार दिवस रोज दोन गोळ्या हातावर घेत होता, तिसरीसाठी बोटं फिरवत होता, आणि जावई म्हणाले आहेत तर आणतील म्हणून पाणी पीत होता.

“मला राग नाही,” अण्णा म्हणाले. “माझं... राहिलंच किती. पण पोरगी... स्वतःला खाऊन राहिली. ते... बघवत नाही.” त्यांनी दम घेतला. डावा हात उचलून यतीनच्या खांद्यावर ठेवला. “मी सांगू नाही शकत. तुम्ही... सांगा जी.”

त्याच संध्याकाळी यतीनने सांगितलं. शोभना धुतलेले कपडे घड्या घालत होती. तो समोर बसला आणि म्हणाला, “त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मला कळलं होतं.”

“काय?”

“कोणत्या गोळ्या ते. बाटली रिकामी होती. संध्याकाळी आणीन म्हणून भरल्या म्हटलं. अण्णांनी रविवारी आठवण केली. सोमवारी गेटवर फार्मसीचा मेसेजही आला.” त्याने काहीच गाळलं नाही. मोनाच्या नंबरवर नेलेलं बोटही नाही, अटलांटाही नाही.

शोभनाच्या हातात अण्णांचा सदरा होता. तिने त्याची घडी पूर्ण केली, गठ्ठ्यावर ठेवली. “मग हॉस्पिटलमध्ये हो का म्हणालास?”

“तूच तसं म्हणालीस म्हणून.”

“मी तुला वाचवायला म्हणाले होते, यतीन. तू इतक्या लांबून आला होतास. तुझा चेहरा बघितला, आणि मला वाटलं, हा माणूस मनातून मेला असेल. म्हणून मीच कारण काढलं.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “आणि इतके आठवडे मी माझ्या जिभेला शिव्या घातल्या. पोरीला ओली बाळंतीण टाकून आले, नातीला धड मांडीवर घेतलं नाही, कारण मला वाटत होतं माझी चूक आहे. तू समोर बसून जेवत होतास.”

“माझं चुकलं,” यतीन म्हणाला.

“ते मला समजलं,” ती म्हणाली, आणि दुसरा सदरा घेतला.

त्या आठवड्यात तिने चँडलरची तिकिटं काढली, स्वतःचं आणि अण्णांचं. आसावरीकडे खालच्या मजल्यावर खोली होती, थेरपिस्टही तिने फोनवरून ठरवला. अण्णांची बॅग तिने एकटीने भरली. यतीन दारात येऊन उभा राहिला, काटा हवा का म्हणाला. ती म्हणाली, नको. बॅगेत बरीच जागा रिकामी होती. तिने तशीच चेन लावली.

त्याने दोघांना एअरपोर्टला सोडलं. व्हीलचेअरवाला माणूस आला. अण्णा खुर्चीत बसले, डावा हात उचलून म्हणाले, “येतो यतीनराव. जेवत जा.” यतीन वाकून त्यांच्या पाया पडला. तिथल्या गर्दीत लोक वळून बघत होते, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

शोभनाच्या खांद्याला औषधांची छोटी पिशवी होती. ती धरायला त्याने हात पुढे केला, तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. खुर्ची पुढे सरकली. ती मागून निघाली.

“शोभना,” तो म्हणाला, “परत कधी येशील?”

ती थांबली. मागे वळली नाही.

“अण्णांच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घेतल्यात,” ती म्हणाली, आणि रांगेत जाऊन उभी राहिली.